हाताचा गुण

पाणी पिवळं झालं की सगळी गर्दी एका सुरात ओरडायची, "उतरली!"

काय उतरली, तर कावीळ. माणसाच्या अंगातून हातात आणि हातातून परातीत. डोळ्यांदेखत. परातीतलं पाणी आधी इतकं नितळ की तळाला कोरलेलं नाव वाचता यावं. धनाजीबापूंनी पेशंटचे हात त्यात धरून चोळले की बघता बघता ते हळदीसारखं व्हायचं. बायका हात जोडायच्या. पुरुषमाणसं मोबाईल उंच धरून शूटिंग करायची. परात मोरीत रिकामी करायला एक माणूस ठेवलेला होता, आणि तो ती अशी जपून न्यायचा की जणू थेंब सांडला तर सगळ्या सोलापूरला कावीळ व्हायची.

होटगी रोडला, बंद पडलेल्या एका टॉवेल कारखान्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये हा दरबार दर रविवारी भरायचा. बाहेर चपलांचा ढीग, रिक्षांची रांग, उसाच्या रसाची गाडी. काविळीला ऊस चांगला म्हणतात. त्या गाडीवाल्याला कावीळ चांगली होती. दारावर मोठा फ्लेक्स:

"कावीळमुक्ती दरबार. प. पू. धनाजीबापू. सुप्रसिद्ध डॉ. शिवलीला कलशेट्टी मॅडम यांचा हस्तगुण प्राप्त."

आत, बापूंच्या आसनामागे मॅडमचा काचेच्या फ्रेममधला फोटो. पांढरी साडी, गळ्यात स्टेथोस्कोप, आणि वर झेंडूचा ताजा हार.

तो हार बघून मला घामच फुटला. कारण फोटोतली बाई त्याच सकाळी माझ्याशी चहातल्या साखरेवरून भांडली होती.

डॉक्टरबाई जुळे सोलापूर या भागातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये तळमजल्याला राहतात. मी वर राहते, साड्यांना फॉल-पिको करते. माझं नाव मायाक्का. देवीचं नाव आहे, पण त्यामुळे मला कुठल्या बापूपुढं हात जोडावेसे वाटले असं कधी झालं नाही. त्या दिवशी मी दरबारात आले होते ती पूनमसाठी. पूनम माझ्या भावाची, बिरुदेवाची मुलगी. सांगोल्याकडच्या आमच्या वाडीतून लग्न होऊन सोलापुरात आली. नवरा सिदू टेम्पो चालवतो, सासू राजाबाई दारात चार शेळ्या बाळगून असते. पूनमला सातवा महिना सरत आलेला.

सकाळी बिरुदेवाचा फोन आला होता. "आक्का, पोरीचं डोळं पिवळं झाल्यात म्हनं. जरा जाऊन बग की. माजा जीव लागंना हितं."

त्यांच्या वस्तीत त्या महिन्यात बरेच जण पिवळे झाले होते. आमच्या सोलापुरात नळाला पाणी रोज येत नाही; येतं तेव्हा जो तो पिंप, घागरी, बादल्या भरून ठेवतो. मध्यंतरी वस्तीत पाणी आलं ते गढूळ, वास मारणारं. तक्रार करून लोक थकले आणि मग तेच प्याले. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी पूनमला बघितल्याबरोबर सांगितलं होतं, आत्ताच्या आत्ता मोठ्या दवाखान्यात न्या. सिदूनं रिक्षा आणली. राजाबाईनं ती रिक्षा दरबाराकडं वळवली.

त्यांच्या शेजारणीकडून हे कळून मी दरबारात पोहोचले तेव्हा बापू रंगात आले होते. भगवा सदरा, आणि खिशाला सरकारी दवाखान्यात वॉर्डबॉय होते तेव्हाचं ओळखपत्र, देवाच्या टाकासारखं लटकवलेलं.

"डोळे मिटा! मनातली शंका चपलेबरोबर बाहेर ठेवा. शंका असली तर पाणी पिवळं होत नाही, आधीच सांगतो, मग माझ्या नावानं बोंबलू नका. कावीळ म्हणजे काय? गरम! इंग्लिश औषध म्हणजे काय? गरम! गरमात गरम घातलं की काय होतं?"

"स्फोट!" गर्दीला पाठ होतं.

"या मॅडम," बापूंनी फोटोकडं हात केला, "आख्खं आयुष्य काविळीवर संशोधन. फॉरेनचे डॉक्टर यांना विचारून नाडी धरायचे. यांच्या हाताला गुण होता. लोक म्हणायचे की नाही?"

"म्हणायचे!"

"मग रिटायर होताना तो गुण गेला कुठं? मला बोलावलं. म्हणाल्या, धनाजी, हा हात आता तुझा. आणि असा हात दाबला माझा, असा! करंट आला, करंट!"

पूनमचा नंबर आला. सिदू आणि राजाबाईनं तिला दोन्हीकडून धरून आणलं. डोक्यावरून पदर, त्यातून दिसणारे डोळे लिंबाच्या सालीसारखे. बापूंनी तांब्याच्या लोट्यातल्या तीर्थात बोटं बुडवली, काहीतरी पुटपुटत तिचे दोन्ही तळवे चोळले आणि परातीत धरले. पाणी पिवळं झालं.

"उतरली!"

राजाबाईच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. मला तिचा राग येत होता, पण ते रडणं खोटं नव्हतं. तिला ती पोर हवी होती आणि पोटातलं लेकरूही हवं होतं.

"दुपारी दुसरं पाणी," बापू म्हणाले. "तोवर बाहेर बसवा. दवाखान्याची सुई टोचली तर गुण उलटतो. मग माझी जबाबदारी नाही."

मी पूनमजवळ बसले. "पूनम, ओळखलंस का मला?"

तिनं खूप वेळ बघितलं. मग म्हणाली, "आई, शेळीस्नी पाला टाकला का?"

तिची आई तिकडं वाडीवर होती. आणि मी तिच्या आईसारखी अजिबात दिसत नाही.

"राजाबाई, हिला काही सुधरत नाही. दवाखान्यात चला."

"अशक्तपना हाय वो. रातभर डोळा लागत न्हाय, दिवसा झोपती. बापूंनी सांगितलंय, दुसरं पानी झालं की तरतरी येती."

"बापू वॉर्डबॉय होता. स्ट्रेचर ढकलायचा."

"मायाक्का, तुमी लई वाचल्यालं हाईसा, आमी अडानी." राजाबाईनं पदर खोचला. "पर ज्या बाईचं नाव तुमी उठता-बसता सांगता, तिचाच फोटो हाय की हितं! का ती बी खोटी?"

याचं उत्तर तळमजल्यावर राहत होतं. मी रिक्षा पकडली.

शिवलीला कलशेट्टी हे नाव आज डॉक्टरकीच्या जाड पुस्तकांत सापडतं. मी ती पानं त्यांच्याकडून मागून वाचली आहेत, समजली तेवढी. वडील गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होते. घरात कानडी, शाळेत मराठी, कॉलेजात इंग्रजी; "तीन भाषांत मार खाल्ला मी," असं त्या सांगतात. डॉक्टर झाल्या आणि इथल्याच सरकारी दवाखान्यात लागल्या. नोकरीच्या सुरुवातीलाच त्यांनी काविळीची मोठी साथ बघितली. त्यात एक विचित्र गोष्ट होती. पुरुष पिवळे व्हायचे, महिनाभर लोळायचे, उठून कामावर जायचे. दिवस गेलेल्या बाया मात्र गुंगीत जायच्या, आणि त्यातल्या कितीतरी परत यायच्या नाहीत. त्यांत बाईंची सख्खी वहिनी होती. तिला घरच्यांनी आधी काविळीसाठी रोग्याच्या गळ्यात झाडाच्या मुळ्यांची माळ घालणाऱ्या एकाकडं नेलं होतं. बाईंच्या वॉर्डात ती आली तेव्हा तिला स्वतःचं नाव सांगता येत नव्हतं.

त्यानंतर बाईंनी दुसरं काही केलंच नाही म्हणा. आजारी माणसांची रक्तं थर्मासमध्ये बर्फात ठेवून एसटीनं पुण्याला तपासणीला न्यायच्या. कंडक्टर विचारायचा, "बाई, कुल्फी काय?" कुठल्या बोळात किती घरं पिवळी झाली ते दारोदार फिरून बघायच्या. पिण्याच्या पाण्याची लाईन आणि गटाराची लाईन एकाच चरातून गेली आहे, हे त्यांनी चरात उतरून दाखवलं. एक साहेब म्हणाला होता, "बाई, तुम्ही नाडी बघा, नळ आम्ही बघतो." बाईंनी दोन्ही बघितलं. दूषित पाण्यातून येणारी ही कावीळ गरोदर बाईला का आणि कशी मारते, यावर जगात ज्यांनी काम केलं त्यांत आमच्या सोलापूरची ही एक बाई. सत्कार इतके झाले की शालींनी कपाट भरलं. एक दिवस त्या सगळ्या शाली माझ्यापुढं टाकून म्हणाल्या, "माया, याच्या गोधड्या शिव. वॉर्डात थंडी असते."

मी धापा टाकत आत शिरले तेव्हा त्या भिंग लावून पेपर वाचत होत्या. मी दरबार सांगितला, फ्लेक्स सांगितला, हार सांगितला.

"हार? फोटोला?" त्या हसल्या. "मेले की काय मी? आणि हात दिला म्हणजे? अगं, शेकहँड केला मी त्याच्याशी! निरोप समारंभ होता. सगळ्यांशी केला. लिफ्टमनशीपण केला. तो काय आता लोकांना हातानं वर उचलतोय?"

मग मी पूनमचं सांगितलं आणि त्यांचं हसू थांबलं.

"महिना कितवा?"

"सातवा सरतोय."

"रात्री जागी, दिवसा झोप?"

"हो."

"बोलते बरोबर?"

"मला आई म्हणाली."

बाई उठल्या. त्यांचे गुडघे गेलेत. उठायला त्यांना एरवी माझा हात लागतो. त्या दिवशी लागला नाही. "काठी दे. आणि ती शालींची गोधडी घे बरोबर."

रिक्षात त्यांनी त्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्याला फोन केला. तो आता मोठ्या दवाखान्यात डॉक्टर आहे. बेड तयार ठेव म्हणाल्या. १०८ ला फोन मी केला. मग त्या बाहेर बघत बोलायला लागल्या.

"माया, लोक म्हणायचे ना मला, बाई तुमच्या हाताला गुण आहे. पेशंट बरा झाला की पेढा आणि हे वाक्य. मी हसायचे. एकालाही म्हणाले नाही, की बाबा रे, गुण हाताला नसतो, सलाईनला असतो, वेळेवर आलास त्याला असतो. गोड वाटायचं ग ऐकायला."

"त्यात तुमचं काय चुकलं? आपल्याकडं चांगल्या डॉक्टरला असंच म्हणतात."

"म्हणतात ना. म्हणून तर त्याला फ्लेक्सवर लिहिता आलं."

आम्ही शेडमध्ये शिरलो तेव्हा दुसऱ्या पाण्याची तयारी चालली होती. आधी कुणाच्या लक्षात आलं नाही. मग रसवाल्याच्या बायकोनं फोटोकडं बघितलं, बाईंकडं बघितलं आणि किंचाळली, "अगं बया, ह्या तर जित्या हाईत की!"

धनाजीबापूंचा चेहरा खडूसारखा झाला. पण माणूस तयारीचा. पुढच्या क्षणाला दोन्ही हात वर: "बघा! हाक मारली, मॅडम आल्या! साक्षात!"

गर्दी बाईंच्या पायांवर कोसळली. कुणी हात ओढून डोळ्यांना लावला. बाई काठी आपटत ओरडल्या, "बाजूला व्हा! ती पोरगी कुठं आहे?"

पूनम भिंतीला टेकून बसली होती, मान एका बाजूला. बाई खुर्ची ओढून तिच्यापुढं बसल्या. पापणी वर करून बघितली. मग मऊ आवाजात म्हणाल्या, "पूनम, बाळ, हात पुढं कर. पोलीस गाडी थांबवतो ना, तसे पंजे वर."

पूनमनं कसेबसे हात उचलले. पंजे वर धरले आणि ते गळाले. पुन्हा उचलले, पुन्हा गळाले. जखमी पाखरानं पंख मारावेत तसे ते हात हवेत हलत होते. तिला ते कळतही नव्हतं.

बाईंनी तिचे हात आपल्या हातांत घेऊन मांडीवर ठेवले. "राजाबाई तुम्हीच ना? विष मेंदूकडं चाललंय हिचं. लिव्हर थकलंय. आत्ता निघायचं."

राजाबाई हलली नाही. "बाई, तुमी मोट्या. पर पानी पिवळं झालं की. समद्यांनी बगितलं. कावीळ उतरायला लागली आनि आता सुई टोचली तर उलटंल. मग माजं ल्येकरू..."

सिदू आईकडं बघत होता, बाईंकडं बघत होता. बाहेर रुग्णवाहिकेचा भोंगा लांबून ऐकू येत होता. मला वाटलं, बाई आता चिडतील. त्या चिडल्या नाहीत. त्यांनी बापूंकडं मान वळवली.

"धनाजी, छान चाललंय तुझं. मलाही दाखव. हिच्यावर." त्यांनी राजाबाईकडं बोट केलं. "राजाबाई, तुमचे डोळे तर पांढरेशुभ्र. भूक लागते? तुम्हाला नाही ना कावीळ?"

"न्हाय बा."

"मॅडम, आजचा माझा जप संपला..."

"करा की बापू!" गर्दीच ओरडली. "मॅडम सोता सांगत्यात!"

त्याच्याच लोकांनी त्याला पुढं ढकललं. बापूंनी लोट्यात बोटं बुडवली, राजाबाईचे राकट तळवे चोळले, नव्या नितळ परातीत धरले. पाणी पिवळं झालं.

"उतरली!" सवयीनं सगळे ओरडले. आणि एकदम गप्प झाले.

बाईंनी विचारलं, "राजाबाई, तुमची कुठली उतरली?"

राजाबाई आपल्या हातांकडं बघत राहिली.

"पोटात लपलेली असते!" बापू सावरले. "डोळ्यांत दिसत नाही, पण असते. बरं झालं निघाली ते."

"असंल, असंल," मागून कुणीतरी म्हणालं.

"बरं," बाई म्हणाल्या. "माया, माझा फोटो काढ तिथला. हार बाजूला टाक."

मी फ्रेम काढून आणली. बाईंनी लोट्यात बोटं बुडवली आणि फोटोच्या काचेवर, स्वतःच्याच तोंडावरून फिरवली. मग मला म्हणाल्या, "नवीन परातीतलं नितळ पाणी ओत यावर." मी तांब्याभर ओतलं. काचेवरून, त्या पांढऱ्या साडीवरून, स्टेथोस्कोपवरून पिवळे ओघळ निघाले.

"काचेला कावीळ झाली," बाई म्हणाल्या. "हिच्या कुठल्या पोटात लपली होती, धनाजी?"

कुणीतरी फिसकन हसलं. मग आणखी कुणीतरी. मी बापूंच्या आसनामागचा पडदा सारला. मागं एका पातेल्यात पाणी होतं आणि त्यात खरबरीत तपकिरी तुकडे भिजत घातलेले. बाजूला पानवाल्याकडं असतो तसा चुन्याचा डबा.

बाईंनी एक तुकडा उचलून सगळ्यांना दाखवला. "ही आंब्याची साल. फळाची नाही, झाडाची. ती भिजवलेलं पाणी हे याचं तीर्थ. हाताला लावलं तर दिसत नाही. आणि परातीत गंगाजळ नाही. पानाला लावतो तो चुना पाण्यात कालवून खाली बसू दिला, की वरचं पाणी असं नितळ मिळतं. सालीचा अर्क चुन्याच्या पाण्यात गेला की पिवळा होतो. कुणाचाही हात असो. याचा, माझा, तुमचा. हा सालीचा गुण आहे आणि चुन्याचा गुण आहे. हाताला काही नाही. माझ्याही नव्हता कधी."

"पण लोक बरे होतात की!" बापू आता रडकुंडीला आले होते, आणि मला वाटतं ते जे बोलत होते त्यावर त्यांचा खरंच विश्वास होता. "विचारा यांना! सगळ्यांना मी फसवलं काय?"

"मी बरा झालो," लुंगीतला एक म्हातारा पुढं येऊन म्हणाला. "परातीत हात धुतले, मग पंधरवड्यात खणखणीत."

"झाला असाल, आजोबा. ही कावीळ बहुतेकांची आपोआप उतरते. विश्रांती घ्या, पचेल ते खा, दारू पिऊ नका. परातीत हात घातला तरी उतरते, नाही घातला तरी. आणि श्रेय मिळतं ते ज्याच्या दारात बसलात त्याला."

"मग?" बापूंना जोर आला. "वाईट काय केलं मी?"

बाई त्याच्याकडं वळल्या. "जे बरे झाले ते नारळ घेऊन परत येतात, धनाजी. जे गेले ते परत येत नाहीत. तुला वाटतं सगळेच बरे होतात, कारण तुझ्या दारात फक्त बरे झालेलेच उभे असतात. तू वॉर्डात होतास माझ्या. किती बाया तू स्वतः खाली नेल्यास, तोंडावर चादर घालून? विसरलास?"

धनाजीनं मान खाली घातली. इतका वेळ तो बापू होता; आता एक थकलेला वॉर्डबॉय दिसला.

"पर बाई," राजाबाई हळूच म्हणाली, "काविळीला डाक्टरकडं औषदच नसतंय म्हनत्यात."

"खरं आहे ते," बाई म्हणाल्या. सगळे चमकले. "या काविळीला मारणारी गोळी माझ्याकडं नाही. पण हिची साखर एकदम उतरेल, ती चढवायला माणूस लागतो. रक्त गोठेनासं होईल, मग दुसऱ्याचं रक्त चढवावं लागतं. मेंदूला सूज येईल, ती बघायला मशीन लागतं. हिचं लिव्हर पुन्हा उभं राहीपर्यंत हिला धरून ठेवायला लागतं. ते परातीत होत नाही."

राजाबाईनं आपले तळवे पदराला पुसले. पुन्हा पुसले. मग सिदूवर ओरडली, "आरं बघतूस काय मुडद्या, उचल की तिला!"

सिदूनं पूनमला उचललं. गाडीत मी तिच्या अंगावर गोधडी टाकली. कुठल्या कुठल्या सत्कारांची जर होती तिला. पूनम त्या जरीवर बोट फिरवत होती, मग तेही थांबलं.

पुढचं थोडक्यात सांगते, कारण लांबवून सांगणं मला जमत नाही. ती बेशुद्ध होती. बाळ वेळेआधीच आलं. मुलगी होती. राहिली नाही. पूनमला रक्त चढत होतं, नळ्या होत्या, काचेच्या पलीकडं हिरव्या कपड्यांतली पोरं-पोरी पाळी बदलत तिच्याभोवती फिरत होती. बिरुदेव वाडीवरून आला आणि जिन्याच्या पायरीवर बसला तो उठेचना. राजाबाई कोपऱ्यात, सारखी हात पुसत. साबणानं धुऊन आली तरी पुसत.

मग एका सकाळी पूनमनं डोळे उघडले. अजून पिवळेच. माझ्याकडं बघून म्हणाली, "आत्या, तुमी कवा आलासा?"

आत्या म्हणाली. मी बाहेर जाऊन भिंतीकडं तोंड करून रडले.

त्या दिवशी डॉक्टरबाई भेटायला आल्या तेव्हा राजाबाईनं त्यांचे पाय धरले. "बाई, तुमच्या हाताला गु..." आणि स्वतःच थांबली.

बाईंनी तिला वर उठवलं. "आत बघा. ती पोरं जागलीत. कुणीतरी अनोळखी माणसानं रक्त दिलंय. त्यांचे हात मोजा."

राजाबाईनं काचेतून आत बघितलं. मग तिनं जे विचारलं ते आम्ही सगळे मनात घेऊन बसलो होतो. "बाई, डाक्टर म्हनले तवाच आनली असती, तर ल्येकरू वाचलं असतं का वो?"

शिवलीला कलशेट्टींनी आख्खा जन्म याच प्रश्नावर घालवला होता. देशोदेशीच्या सभांत त्यावर बोलल्या होत्या. मला वाटलं, त्या आता काहीतरी सांगतील, धीर देतील.

"माहीत नाही," त्या म्हणाल्या. "आईला धोका कमी झाला असता, एवढं नक्की. बाळाचं मला खरंच माहीत नाही."

ते "माहीत नाही" मी अजून विसरले नाही. धनाजीबापूला सगळं माहीत होतं. गरम, थंड, गुण, उलटणं, पोटात लपलेलं. कुठल्याही प्रश्नाला त्याच्या तोंडातून "माहीत नाही" आलं नव्हतं. ज्या बाईला खरोखर माहीत होतं तिनंच ते म्हटलं, आणि ज्या माणसानं नात गमावलेल्या बाईला पटकन गोड उत्तर दिलं असतं तो शेडमध्ये बसून दुसऱ्यांच्या सुना पिवळ्या पाण्यात धूत आला होता. दोघांतला फरक ओळखायला डॉक्टरकी शिकावी लागत नाही. कुणी फार खात्रीनं बोलायला लागलं की त्याला म्हणायचं, माझ्या पांढऱ्या डोळ्यांवर करून दाखव. काचेवर करून दाखव. आणि जे बरे झाले नाहीत ते कुठं आहेत, तेही विचारायचं.

बाईंनी पोलिसांत तक्रार केली. फ्लेक्स उतरला. धनाजी कुठं गेला कळलं नाही. करमाळ्याकडं कुणीतरी नवा काविळीचा बापू बसलाय, असं रिक्षावाले सांगतात. त्याच्या मागं आता कुणाचा फोटो आहे, देव जाणे. देव जाणे म्हणजे, जाऊन बघायला पाहिजे. बाई म्हणाल्यात, गुडघा दुखायचा जरा थांबला की जाऊ.

परवा मी पूनमकडं गेले होते. घरापुढं सावलीत बसली होती, अंगावर गोधडी, मांडीवर काही नाही. वस्तीत नळाचा दिवस होता. घागरींची रांग लागलेली, पाणी अजून यायचं होतं, आणि रांगेच्या तोंडाशी राजाबाई परात घेऊन बसलेली.

"या, या, समद्यांनी बगा!" ती ओरडत होती. तिनं एका पोरसवदा सुनेचे हात धरले, चोळले, परातीत घातले. पाणी पिवळं झालं. बायकांनी तोंडाला पदर लावले.

"लागीर झालं का काय माज्या हाताला?" राजाबाई म्हणाली. "ही आंब्याची साल. ह्यो पानाचा चुना. शेळ्या राखनाऱ्या बाईला जमतंय, त्याला बापू कशाला लागतोय? पानी उकळून प्या. कुनाचं डोळं पिवळं दिसलं, पोटुशी आसंल, तर माज्याकडं येऊ नका, कुनाकडंबी जाऊ नका. सरळ दवाखान्यात. त्याच टायमाला. रिक्षा वळवायची न्हाय."

मग तिनं परात गटारात रिकामी केली, हात धुतले, आणि पदराला पुसत राहिली.